नाव घेता येईना तेव्हा

श्वासाकडे बघत बसणं ही किती चैनीची गोष्ट आहे, हे माझे वडील, आप्पा, आजारी पडले तेव्हा मला कळलं. निपाणीहून बेळगावला नोकरीसाठी जाता-येता मी बसमध्ये डोळे मिटून आनापान करायचो. बुद्धविहारातल्या शिबिरात शिकलो होतो. आत येणारा श्वास जाणायचा, बाहेर जाणारा जाणायचा, त्यात ढवळाढवळ करायची नाही. भांडी घासताना, साहेबांची बोलणी खातानासुद्धा. घरात यावरून थट्टा व्हायची. "डोळं मिटून बसल्यावर पगार वाढतोय व्हय रं?" असं आप्पाच विचारायचे. त्यांचा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला आणि त्या धुळीनं त्यांची छाती पोखरली. आता एकेका श्वासासाठी त्यांची ओढाताण चालली असताना मी शेजारी बसून माझा श्वास न्याहाळायचा? मला स्वतःचीच चीड आली आणि मी ध्यानाला बसणं सोडून दिलं.

आप्पांना मरणाची भीती नव्हती, भीती वेगळीच होती. आमच्याकडे माणूस जायला टेकला की भोवतीची माणसं त्याला देवाचं नाव घ्यायला लावतात. शेवटी ओठांवर नाव असलं की पुढची वाट सुधारते, ही आप्पांचीही श्रद्धा. बेळगावच्या दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा कॉटशी वाकून म्हणायचा, "आप्पा, नाव घ्या. राम म्हणा." आप्पा म्हणायला जायचे, पहिल्या अक्षरालाच दम संपायचा, खोकल्याची उबळ यायची, ओठ निळे पडायचे. येळ्ळूरची आत्या तर रडकुंडीला येऊन म्हणायची, "एकदा तरी म्हण की रं दादा." सगळी जीव लावणारी माणसं, पण त्यांच्या आग्रहानंच आप्पा गुदमरत होते. ती गेल्यावर आप्पा एकदा मला म्हणाले, "मला न्हाय जमायचं रं. तसाच जाणार मी." मी व्हरांड्यात जाऊन रडलो.

शेजारच्या कॉटवर चिकोडीकडचे एक गृहस्थ होते. त्यांची बहीण सोबतीला असायची, पांढऱ्या साडीतली, साठीच्या पुढची. भावाशी कानडीत बोलायची. माझ्याशी तिचं कधी बोलणं झालं नव्हतं. त्या दुपारी आप्पांना पुन्हा धाप लागली. नर्सनं मास्क नीट लावला, वाफ दिली, तरी ते हातपाय झाडत होते. मी कॉटची कड धरून उभा. ती उठून माझ्याजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अण्णा, तुम्ही श्वास कोंडून धरलाय. आधी तुमचा सोडा की."

खरंच मी तो धरून ठेवला होता. तिनं माझा हात उचलून आप्पांच्या हातावर ठेवला. "त्यांना बोलाय लावू नका. तुम्ही फक्त सोबत ऱ्हावा," एवढंच म्हणून ती भावाकडे गेली. मी श्वास सोडला. आत आला तो जाणला, बाहेर गेला तो जाणला. आप्पा माझ्या छातीकडे बघत राहिले. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले, हाताची पकड सैल झाली. औषधाचा गुण असेल, मी वाद घालत नाही. मी ध्यान करायचो हे मी तिला सांगितलं नव्हतं. चहा घेऊन परत आलो तेव्हा शेजारची कॉट रिकामी होती. तिच्या भावाला घरी सोडलं होतं, आणि मी तिचं नावही विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी आता घरीच न्या म्हटल्यावर आप्पांना निपाणीला आणलं. रोज सकाळ-संध्याकाळ मी त्यांचा हात धरून बसायचो. पाहुणे नाव घ्यायला सांगू लागले की त्यांना बाहेरच्या खोलीत चहाला न्यायचो. आत्या माझ्याशी बोलायची थांबली. आईला तर फारच लागलं. "माणसाची वाट अडवतोयस तू," ती म्हणाली. तिचं खरं असलं तर, ही धास्ती मलाही होती. तरी मी बसत राहिलो, कारण मी शेजारी असताना आप्पा घाबरत नव्हते.

एका सकाळी, आई आंघोळीला गेली असताना, आप्पांचा श्वास बाहेर गेला. मी पुढच्याची वाट पाहिली. तो आला नाही. ओढाताण नव्हती, डोळ्यांत भीती नव्हती. मी त्यांचा हात हळूच अंथरुणावर ठेवला आणि आईला हाक मारली.

ती ओल्या केसांनीच आली, त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि मला विचारलं, "नाव घेतलं का रं शेवटाला?"

तिला बरं वाटावं म्हणून खोटं बोलावंसं फार वाटलं. "न्हाय आई," मी म्हणालो. "पण भ्याले न्हाईत."

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. नंतर पदरानं तिनं त्यांचे ओठ पुसले.

दवाखान्यातल्या त्या अनोळखी बाईचे उपकार फेडायचे राहूनच गेले; ती मला पुन्हा भेटली नाही. श्वास आपल्या हातात नसतो, आपला नाही आणि आपल्या माणसाचाही नाही. सोबत राहणं तेवढं आपल्याकडे असतं. हे मला तिनं शिकवलं, आणि ते अजून दर दिवशी जड जातं.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले. मी एकटाच डोळे मिटून बसलो होतो. आई भिंतीला टेकून माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "माझ्याजवळबी असाच बसशील न्हवं?"