पालखी न आलेला गोल्फ क्लब

जाहिरातीत ‘सहकुटुंब’ असा शब्द होता, तिथेच मी भुलले. गोल्फ आमच्या सात पिढ्यांत कुणी खेळलं नाही. पण लेकीला धावायला हिरवळ, नवऱ्याला झोप आणि मला आयता चहा, चैत्रातल्या जोडून आलेल्या सुट्टीला एवढं पुरे होतं! भाऊच्या धक्क्यावर गाडी बोटीत चढवली, मांडव्याला उतरलो. गाडीची जागा आधीच राखून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही. अलिबाग सोडल्यावर चौलपर्यंत रस्त्याने कंबर पार ढिली केली.

क्लब चौलच्या पुढे, एका गावाला लागून. शिरताच भिंतीवर मालकांचं वाक्य: ‘इथे कुणाच्याही घरच्या माणसाला दारात अडवणार नाही.’ मालक याच गावचे. सगळे त्यांना शेठ म्हणतात. संध्याकाळी स्वतःच आम्हाला फिरवायला निघाले. हिरवळीच्या मधोमध एक तुळशीवृंदावन.

“हे आमच्या जुन्या घराचं अंगण,” शेठ म्हणाले. “लहानपणी बंगल्यांची कुंपणं बाहेरूनच बघितली. वाटलं, असं काय तरी काढू, जिथं घरची बायकापोरं पण आत बसतील.”

मला माणूस आवडला, खोटं कशाला बोलू?

वृंदावनापाशी त्यांच्या पत्नी, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, खणानारळाची ओटी आणि पाण्याचा कलश घेऊन उभ्या होत्या. गावदेवीची पालखी त्या दिवशी घरोघर जाते. घर पाडलं तरी त्या जागी थांबते. भोयांच्या पायांवर पाणी घालायचं, देवीची ओटी भरायची. ढोल जवळ आला, फाटकाशी आला आणि तसाच पुढे गेला.

“असं कसं हो?” मी विचारलं.

“गेल्या साली यांनी भोयांना बूट धाडले,” वहिनी म्हणाल्या. “गवतावर अनवाणी चालायचं न्हाय, असा क्लबातल्या भागीदारांचा नियम. बूट घालून देवी कोण उचलतो वो?”

“नवे होते बूट,” शेठ पुटपुटले. “चांगले होते.”

असा संताप आला म्हणून सांगू! याच गावात वाढलेल्या माणसाला हे कळू नये?

रात्री जिताड्याचं कालवण मात्र फक्कड होतं.

सकाळी निघताना वहिनींनी ती ओटी माझ्या हातात दिली. “देवळात ठेवा. नाव सांगू नका.”

गुरवाने गाऱ्हाणं घालायला नाव विचारलं. मी नुसती ओटी पुढे केली.

“क्लबातून आलात ना?” तो म्हणाला. “दोघांना येऊ दे. देवी कुणाला न्हाय म्हणत न्हाय. पण आपल्या पायांनी या म्हणावं.”

ओटी परत घेऊन गाडी वळवली आणि क्लबच्या फाटकाशी दोघांना गुरवाचा निरोप सांगितला. वहिनींनी तिथेच चपला काढल्या, माझ्या हातातली ओटी घेतली.

“चला ना वो,” त्या शेठना म्हणाल्या.

शेठ फाटकाच्या आत उभे. बुटांकडे बघितलं, मागच्या हिरवळीकडे बघितलं. “तू हो पुढं,” म्हणाले.

वहिनी एकट्याच गेल्या.

घरी येऊन लेक विचारतेय, परत कधी जायचं? सोय चोख आहे, जेवण उत्तम. खिशाला झेपत असेल तर तुम्ही खुशाल जा. मी नाही जाणार. आपल्याच दारात अडलेला तो माणूस मला पुन्हा बघवणार नाही.