आम्ही देश सोडत नव्हतो

आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला. ओढ्यापलीकडं कर्नाटक. तिकडं कालव्याला पाणी, इकडं टँकरची वाट. शेवटी गावानं ठरवलं : सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत कर्नाटकात जायचा ठराव घ्यायचा.

मी साताऱ्यात कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मतदार यादीत नाव अजून गावातच, म्हणून ठरावाची सूचक मीच होणार होते.

आदल्या दिवशी आबा, म्हणजे माझे वडील, बिथरले. फौजेतनं रिटायर झाल्यापासून शाळेचा झेंडा तेच चढवतात.

"उद्या झेंड्याला हात लावणार न्हाई मी. फुटून निघणाऱ्या गावाचा कसला झेंडा? हेच शिकलीस व्हय साताऱ्यात?"

"आवं आबा, देश कोण सोडतंय? घटनेत राज्यालासुद्धा देशातनं फुटायची वाट न्हाई, तिथं गावाचं काय! पर कुठलं गाव कुठल्या राज्यात, ते संसदेला बदलता येतं. आपण तेवढंच मागतोय."

"म्हंजे ठराव झाला तरी गाव हितंच?"

"हितंच."

"मग कशाला घसा फोडायचा?"

"गप बसून पाणी आलं का?"

आबा उठून गोठ्यात गेले.

सकाळी बघते तर छातीवर मेडलं लावून आबा शाळेच्या मैदानात हजर. झेंडा चढला, सलामी झाली, तिथंच सभा बसली. मी ठराव वाचला. तालुक्याहून आलेले साहेब ताडकन उठले.

"हे बेकायदा आहे. देशद्रोह आहे हा!"

"साहेब, ठरावानं गाव हलत नाही, हे मलाही माहीत आहे. पण नुसतं मागणं कुठल्या कलमात गुन्हा आहे, ते दाखवा."

साहेबांनी कलम दाखवलं नाही, मोबाइल काढला. "अनुमोदक कोण? नाव लिहून घेतो."

सगळे खाली बघायला लागले. एवढ्यात मागनं खणखणीत आवाज आला, "मी!" आबा सावधानमध्ये उभे होते.

"ल्ह्या नाव. हुद्दाबी ल्ह्या, सुभेदार. कारगिलला व्हतो तवा मला कुणी राज्य इचारलं न्हवतं. आन् पोरीला देशद्रोही म्हणायच्या आधी त्या झेंड्याकडं बघा. आताच चढवलाय मी."

ठराव मंजूर होऊन वर गेला, पण गाव अजून महाराष्ट्रातच आहे. टँकर अजून येतो. पुढच्या सव्वीस जानेवारीला ठराव पुन्हा मांडणार आहे. अनुमोदक शोधावा लागणार नाही.