टंबलरला तोंड

मी साताऱ्याकडचा, चौथी शिकलेला. लष्करी गाड्यांच्या कारखान्यात फिटर म्हणून मद्रासला आलो आणि निवृत्त होऊन वेलचेरीत फ्लॅट घेतला तोवर गावाचं चेन्नई झालं होतं. मी मद्रासच म्हणतो.

धाकटी मुलगी शोळिंगनल्लूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत. तिथल्याच एका मुलावर तिचं मन बसलं. मुलगा मराठीच, पण तंजावरकडचा. त्यांचे वाडवडील कधीकाळी राजाच्या पदरी इकडे आले, त्यामुळे घरातला प्रत्येक जण अजून दरबारातच बसलेला. मराठी बोलतात ती कीर्तनातल्या बुवांसारखी. मुलाच्या आईनं दारात "यावें, बसावें" म्हटलं, तेव्हा प्रसाद कुठे आहे ते मी बघायला लागलो.

प्रसाद नव्हता. पितळी टंबलरमधून कॉफी आली. मी टंबलर ओठाला लावला आणि चांगला फुर्र करून प्यालो. सगळे माझ्या ओठांकडे बघायला लागले. ते लोक भांड्याला तोंड लावत नाहीत, वरून धार धरतात. तोंड लागलं की भांडं उष्टं. आमची ही डोळ्यांनी खुणा करत होती. मी म्हटलं, "साखर बरोबर आहे गं."

माझा टंबलर मुलाच्या आईनं दोन बोटांत धरून मोरीवर नेला, मेलेला उंदीर नेतात तसा.

घरी आल्यावर मुलगी तडकली. "बाबा, तुम्ही मुद्दाम केलंत."

"कॉफी दिली, प्यालो. त्यात मुद्दाम काय?"

"त्याची आई म्हणाली, माणसं साधी आहेत."

साधी म्हणजे काय ते मला कळतं. कारखान्यात साहेब मला साधा म्हणायचे, त्या दिवशी माझी रजा नामंजूर व्हायची.

"पंधरा दिवसांनी परत बोलावलंय," मुलगी म्हणाली. "ते शेवटचं. तुम्हाला जमणार नसेल तर मी आणि आईच जाऊ."

हे लागलं. मुलीचं लग्न ठरायचं आणि बाप घरी बसायचा!

कुणाला न सांगता मी न्हाणीघरात सराव सुरू केला. इंजिनात ऑइल ओतताना माझा थेंब कधी सांडला नाही, पण स्वतःच्या तोंडात धार पडेना. चार दिवस पाणी नाकातच. बनियन भिजायचे, ठसका लागायचा. बाहेरून ही ओरडायची, "अहो, आंघोळ दिवसातून किती वेळा?" आठव्या दिवशी युक्ती सापडली. मान मागे, घसा मोकळा, आणि मधे गिळायचं नाही.

दुसऱ्या भेटीला गेलो, तर समोर कोऱ्या कपबश्या. बशीखाली किमतीचं लेबल तसंच.

"तुमच्यात कपच चालतो, म्हणून मुद्दाम आणविल्या," मुलाची आई म्हणाली. पाहुण्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मुलाचे वडीलही टंबलर सोडून कप घेऊन बसलेले.

"मला टंबलर द्या," मी म्हटलं.

"बाबा, घ्या ना कप," मुलगी दातांतून बोलली.

"टंबलर."

आठ दिवस बनियन काय कपासाठी भिजवले? टंबलर आला, त्यांच्या रीतीनं निववून. मी मान मागे टाकली आणि धार सोडली. एक थेंब सांडला नाही. आता सगळे बघतील म्हणून खाली पाहिलं, तर सगळे मुलाच्या वडिलांकडे बघत होते.

त्यांनी कपाला तोंड लावलं होतं. जन्मभर कॉफी वरून ओतून, निववून प्यालेला माणूस. आधी फुंकर मारायची असते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. भला मोठा घोट. डोळ्यांतून पाणी आलं, कान लाल झाले, पण पाहुण्यांपुढे थुंकायचं कसं? गिळला.

"फुंकायचं असतं, व्याहीबुवा," मी म्हटलं. लग्न ठरलेलं नव्हतं, पण तोंडून गेलं.

मुलीनं मला सांगून ठेवलं होतं, की मुलाचे वडील आधी आपल्या घराण्याच्या पिढ्या सांगतात, त्याला तासभर लागतो, आणि होकार-नकार त्याच्यानंतर. त्यांनी तोंड उघडलं, जीभ वळेना. नुसती मान हलवली. मुलाच्या आईनं तो होकार धरला आणि साखर आणायला आत गेली.