राजाच्या हातचा विडा

बबनराव साळव्यांच्या घरात मिरवायला एकच गोष्ट होती, आणि ती त्यांनी इंग्लंडात, उभ्या साउथहॅम्प्टनला ऐकवली होती. त्यांचे आजोबा एका संस्थानात राजाचा घोडा धरायचे. दरबार भरला की महाराने बाहेर, जोड्यांपाशी थांबायचं. पण एका दसऱ्याला राजाने त्यांना आत बोलावलं आणि सरदारांना देतात तसा पानाचा विडा हातात दिला. हातात, बरं का! वरून टाकला नाही.

तिथे बस चालवून रिटायर झाल्यावर बबनराव लंडनला, हॅरोत मुलाकडे आले. २००६ साली तिथल्या मराठी मंडळाने शाळेच्या हॉलमध्ये जुना दरबार बसवला, त्यात हा विड्याचा प्रसंगही घेतला. डायरेक्टर मंजिरीताई म्हणाल्या, "काका, तुमच्या आजोबांचा रोल तुम्हीच करा." झालं, सत्तरीतला माणूस हरखून गेला. राजाचा हात तळव्याला लागला तेव्हा आजोबांना काय वाटलं असेल, एवढं एकदा बबनरावांना जाणून घ्यायचं होतं. नात धम्मशीला नेमकी प्रयोगाच्या दिवशी तापाने आजारी पडली. म्हणाली, "आजोबा, घरी आल्यावर मला सगळं सांगायचं. प्रॉमिस?"

राजा झाले होते शेजारच्या स्टॅनमोरचे डॉक्टर पुरुषोत्तमराव. माणूस भला, हसतमुख. तालमीत विडे नव्हतेच, नुसते हातवारे. प्रयोगात त्यांनी सरदारांच्या हातात एकेक विडा ठेवला. मग बबनरावांनी तीनदा वाकून मुजरा केला, ओंजळ पुढे धरली. डॉक्टरांचा हात वीतभर वरच थांबला आणि विडा सुटला.

मुद्दाम? छे हो. मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. दरबारात पाठ दाखवायची नसते, म्हणून बबनराव तसेच वाकून मागे मागे सरकत गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

विंगेत ते हळूच म्हणाले, "डॉक्टर, हातात द्यायचा होता."

"दिला की!" डॉक्टरांना खरोखरच नवल वाटलं. शेजारी मंजिरीताईंनीही मान डोलावली. कुणाला काय सांगणार, कपाळ?

घरी पोरगी रजई गुंडाळून सोफ्यावर जागी होती. "राजाने हातात दिला?"

"हो गं. अगदी हातात."

बोलून गेले आणि मग त्यांच्या मनात आलं. त्यांचे आजोबाही त्या दसऱ्याला असेच घरी आले असतील. त्यांचीही पोरं हेच विचारायला दारात वाट बघत असतील.