वर्षाच्या माईकमध्ये आलेलं क्लॅरोनेट

आधीच सांगून टाकतो, मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. पंचवीस वर्षं अमरावतीत रेकॉर्डिंगचं काम करतोय. या सदरातले अनुभव मी आवडीने वाचतो, पण वाचून झालं की मनात म्हणतो — कुठंतरी लूज कनेक्शन असेल. माझ्या स्वतःच्या बाबतीत मात्र ते कनेक्शन आजपर्यंत सापडलेलं नाही... म्हणून लिहितोय. माणसांची नावं बदलली आहेत.

तेव्हा माझा स्टुडिओ म्हणजे गाडगेनगरात एका घराच्या मागच्या दोन खोल्या. एकीत मी, कॉम्प्युटर आणि मिक्सर. दुसरीत गाणारा. तिला आतून गाद्या आणि जुने गालिचे ठोकलेले, दाराला रबर, मधे जाड काच. दिवस भारनियमनाचे. सकाळी सहा ते नऊ एवढीच लाइट भरवशाची, त्यामुळे कलाकारांना मी सहाच्या आत बोलवायचो.

बाळापूरचा एक ब्रास बँड होता. चौदा माणसं, लाल डगले, लग्नाच्या सीझनला एक दिवस रिकामा नसायचा. मास्तर होते हबीबचाचा, क्लॅरोनेट वाजवायचे. त्यांचा पुतण्या अनीस ट्रम्पेटवर. त्या वर्षांत आपल्याकडे कापसाचं काय झालं आणि गावागावांत शेतकरी कसे जीव देत होते, ते वऱ्हाडातल्या वाचकांना मी सांगायला नको. अनीसभाई एकदा मला म्हणाला, "वरात घेऊन गावात शिरलो, का समोरून कोणी हात करे. या गल्लीतून वाजवू नका म्हने, इथं कालच माती झाली. एका सीझनमंदी सात-आठ गावांत असं झालं, नितीनभाऊ. मंग मले वाजवाचीच लाज वाटाले लागली."

त्याच सुमारास अकोल्यात त्याच्या हाती एका इंग्रजी बँडची कॅसेट आली. ते लोक आधी काही वेगळंच वाजवायचे. मग नवी माणसं घेतली, आवाज मऊ केला, आणि तेच जगभर चाललं — असं कुणीतरी त्याला सांगितलं. अनीसने ट्रम्पेट खाली ठेवली, गिटार शिकला. चौदाचे पाच झाले. गिटार, बेस, कीबोर्ड, हलक्या हाताचा ड्रम, आणि गायला चांदूर रेल्वेची वर्षा, शाळेत संगीत शिकवणारी. दहा गाणी, सगळी मराठी, बहुतेक अनीसनेच बांधलेली. अल्बमचं नाव ठरलं 'जरा हळू'.

दहा माणसांना त्याला 'आता तुम्ही नको' असं सांगावं लागलं. पहिले हबीबचाचा. ज्यांनी हाताला धरून वाजवायला शिकवलं त्यांनाच तो म्हणाला, "चाचा, या गाण्यात क्लॅरोनेट नाही बसत." चाचा 'बरं' म्हणाले. एवढंच. दोन महिन्यांनी त्यांना लकवा मारला, उजवं अंग गेलं. अनीस त्यांना भेटायला गेलाच नाही. हे सगळं मला नंतर कळलं.

बुधवार होता. तिसऱ्या गाण्याची वाद्यं आधीच घेऊन झाली होती, त्यावर वर्षाचा आवाज घ्यायचा होता. आत ती एकटी. कानाला हेडफोन, समोर एक माईक. बाहेर मी आणि अनीस. टेक छान झाला. ती बाहेर आली, मी प्ले केलं.

पहिल्या दोन ओळी झाल्या. मधल्या जागेत क्लॅरोनेट वाजलं.

लांबून आल्यासारखं, पण स्वच्छ. वर्षा थांबते तिथं सुरू व्हायचं, ती उचलते तिथं बरोबर संपायचं.

"सर, हे कोण वाजवून राहिलं?" वर्षाने विचारलं.

मी एकेक ट्रॅक बंद करत गेलो. गिटार बंद, बेस बंद, कीबोर्ड बंद, ड्रम बंद. शेवटी एकटा वर्षाचा ट्रॅक उरला... आणि क्लॅरोनेट त्यातच होतं. टेक चालू असताना तिने ते ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं.

अनीसने तेवढी जागा मला पुन्हा लावायला सांगितली. ऐकून म्हणाला, "चाचा हाये. सूर खालून उचलते अन् मंग वर ठेवते. असं दुसरं कोणी नाही करत."

मला पहिल्यांदा राग आला. वाटलं, हाच काहीतरी करतोय. जुन्या वाजवण्याचा तुकडा आणून मिसळला असेल. पण ते गाणं त्याने आदल्या सोमवारी बांधलं होतं, चाचांनी ते ऐकलेलंच नव्हतं. मग वाटलं, केबल रेडिओ पकडत असेल. गुरुवारी मी माईक बदलला, केबल बदलली, फाइल नवी उघडली. अनीसला बाहेर अंगणात बसवलं. वर्षा पुन्हा गायली.

पुन्हा आलं. आणि कालच्यासारखं नव्हतं. जागा त्याच, पण सुरावट वेगळी. कालच्यापेक्षा चांगली, जास्त सावकाश. जसं कुणी घरी विचार करून आलं असावं. वर्षा म्हणाली, "मी उद्या येत नाही."

रविवारी मी आणि अनीस अकोल्याहून बस बदलून बाळापूरला गेलो. गुरुवारचा टेक कॅसेटवर उतरवून वॉकमनसोबत घेतला होता. चाचा खाटेवर, उशीला टेकवलेले. तोंड एका बाजूला ओढलेलं. चाचींनी अनीसला पाहिलं आणि आत घेतलं. मी ओळख सांगितली, मग सहज विचारावं तसं विचारलं, "चाची, बुधवारी सकाळी यांची तब्येत कशी होती?"

"बुधवारी, गुरुवारी दोन्ही रोज सकाऊनच उठवाले लावलं मले," चाची म्हणाल्या. "सहाच्या आत. धड बोलता तं येत नाही, खुणा करून बसवाले सांगतलं. मंग तोंड वाजवल्यावानी धरून, गोधडीवर डावा हात ठेवून बोटं हलवत बसले. तास-दीड तास. घाम आला होता."

"वाजवलं काही?"

"काय वाजवतीन? क्लॅरोनेट तं लकवा झाला त्याच महिन्यात मायाच हातानं एका पोराले देऊन टाकलं. घरात नाहीच ते."

अनीसने चाचांच्या कानाला हेडफोन लावले. चाचांनी डोळे मिटले. गाणं संपेपर्यंत त्यांचा चेहरा हलला नाही. मग त्यांनी ओठ उघडले. शब्द जुळवायला फार वेळ लागत होता. अनीस कान अगदी जवळ नेऊन ऐकत होता.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणते... दुसऱ्या कडव्यात जागा जास्त सोडली तुमी."

अनीसने त्यांचे पाय धरले. चाचा डाव्या हाताने त्याच्या डोक्यावर थोपटत होते. मी उठून बाहेर गेलो.

परतीच्या बसमध्ये बोरगावच्या पुढे तो एकदम म्हणाला, "नितीनभाऊ, क्लॅरोनेटवर डावा हात वर असते, उजवा खाली. त्या वाजवण्यात खालच्या हाताचा सूर एकबी नाही. दोन्ही दिवशी नाही. सारं एकट्या डाव्या हाताचं हाये."

स्टुडिओत येऊन आम्ही दोन्ही टेक एकेक सूर थांबवून तपासले. त्याचं म्हणणं खरं होतं.

आठवड्याने वर्षा परत आली. उरलेल्या सात गाण्यांत अनीसने मुद्दाम मोकळ्या जागा ठेवल्या, पण क्लॅरोनेट पुन्हा कधी आलं नाही. तिसरं गाणं गुरुवारच्या टेकसकट तसंच गेलं, आणि कॅसेटच्या कव्हरवर चाचांचं नाव छापलं. कॅसेट अकोला-अमरावतीत खूप चालली. आजही एखाद्या काळीपिवळी जीपमध्ये ते गाणं लागतं, आणि लोक विचारतात, क्लॅरोनेट कोणाचं? चाचा पुढे चार वर्षं होते. दर शुक्रवारी नमाजनंतर अनीस त्यांच्याजवळ जाऊन बसायचा. त्यांच्यामागे दोन वर्षांनी चाचीही गेल्या.

हे इथंच संपलं असतं तर मी कदाचित लिहिलं नसतं. गेल्या वर्षी जुन्या फाइली नव्या कॉम्प्युटरवर घेतल्या. आता एका ट्रॅकमधले आवाज वेगवेगळे करणारं सॉफ्टवेअर मिळतं. सहज म्हणून गुरुवारच्या टेकमधून वर्षाचा आवाज काढून टाकला. क्लॅरोनेट एकटं उरलं. त्याच्यामागे श्वास ऐकू येत होता, जड, एका बाजूने निसटणारा. गाण्याच्या शेवटी, क्लॅरोनेट थांबल्यावर, एक बाई अगदी हळू बोलली —

"अब बस करो जी. मुँह दुखेंगा."

मी तो तुकडा अनीसला पाठवला, काय आहे ते न सांगता. त्याचा फोन यायला संध्याकाळ झाली. "चाची हाये," तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

त्या खोलीत एकच माईक लावलेला होता आणि त्याच्यासमोर वर्षा एकटी उभी होती. बाळापूरच्या त्या घरात एकही माईक नव्हता. याच्यापुढे मला काही सांगता येत नाही.