आजारी डबा

बाकूजवळच्या अलात बंदरात मालगाडीचा डबा बिघडला की त्याला 'आजारी' म्हणायचं, ही जुनी रीत. नूबारने तीस वर्षं तेच केलं. समुद्रापलीकडून डबे घेऊन येणारी बोट धक्क्याला लागली की खडू घेऊन रुळांवर जायचं, बोटीतून निघालेल्या एकेका डब्याचा नंबर टिपायचा, आणि बिघाड दिसला की पत्र्यावर हा भला मोठा 'आजारी' लिहायचा.

समुद्रापलीकडे तुर्कमेनबाशीत हेच काम तिचा धाकटा भाऊ आगासेलीम करायचा. दोघांत अकरा वर्षं बोलणं नव्हतं. आईच्या मातीला तो पोचला नाही. वारा सुटला म्हणून बोट चार दिवस समोरच नांगर टाकून उभी, आणि हा बोटीत अडकलेला. पण नूबार कसली ऐकते! "यायचं असतं तर पोहत आला असतास," म्हणाली आणि फोन आपटला. तोही तिचाच भाऊ, त्याने पुन्हा केला नाही. मात्र दर बोटीतल्या एका डब्यावर तो खडूने इवलासा मासा काढायचा, आणि परतीच्या डब्यावर ही चहाचा पेला काढायची. तेवढंच नातं उरलं होतं.

मग बंदर नवं झालं. कंटेनर उचलायला क्रेन आल्या, नंबर वाचायला कॅमेऱ्यांची कमान आली. नवे साहेब, वुगार मुअल्लिम, म्हणाले, "नूबारखाला, आता घरी बसा, नातवंडं खेळवा. खडूचं काम संपलं."

"नंबर वाचेल हो तुमचा कॅमेरा, दुखणं कोण वाचणार?" नूबार फणकारली.

त्याच आठवड्यात कमानीखालून बिनबोभाट सुटलेल्या एका डब्यावर तिला बऱ्याच दिवसांनी मासा दिसला, आणि वर वेडावाकडा 'आजारी'. हरखलीच बाई! साहेबांना ओढत घेऊन आली. "बघा! माझ्या भावाचं अक्षर. तुमच्या यंत्राला दिसलं का?" डबा तिथल्या तिथे दुरुस्तीच्या रुळावर ढकलायला लावला. त्या ऐटीत परतीच्या डब्यावर पेला काढायचाच राहिला, त्या बोटीलाही आणि पुढच्या बोटींनाही.

नवव्या दिवशी पलीकडून फोन आला. भावाच्या जोडीला काम करणारा बायराम बोलत होता. "ताई, आगासेलीम काल गेला. महिनाभर अंथरुणाला होता."

नूबारने फोन कानाशी घट्ट दाबला. बायराम बोलतच होता.

"फोन कर म्हणून किती विनवलं त्याला! ऐकेल तर शपथ. एक दिवस मला धरून यार्डात आला, स्वतःच्या हाताने डब्यावर लिहिलं. म्हणाला, ताई वाचेल, पुढच्या बोटीने येईल. कप्तानाला तुमच्यासाठी जागाही सांगून ठेवली होती. नंतर बोट लागली रे लागली की विचारायचा, पेला आहे का रे? ताई, तुम्ही वाचलंच नाही का?"

ती धावतच दुरुस्तीच्या रुळावर गेली. डबा तिथेच उभा होता. मासाही होता. वरच्या 'आजारी'खाली मेकॅनिक पोरांनी थट्टेने खरडलं होतं: 'ठणठणीत आहे! काहीही झालेलं नाही. खालाला चष्मा द्या.'

तिने डोक्याचा रुमाल सोडला आणि त्या पोरांचं अक्षर पुसायला घेतलं. मासा पुसला जाऊ नये म्हणून एक तळवा त्याच्यावर धरला होता.

"वाचलं होतं रे," ती पत्र्याला म्हणत होती, "सगळ्यांना दाखवलं पण होतं."