दुखणं शून्य म्हणणारा नट

"शून्य," साहेब म्हणाले. गुडघा टम्म सुजलेला, आणि चेहऱ्यावर नवरदेवाचं हसू!

मी फिजिओ. दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये क्लिनिक आहे माझं. पेशंटला आम्ही विचारतो, दुखणं शून्य ते दहामध्ये किती? उत्तर ऐकायचं आणि चेहरा बघायचा. पण समोर पंचाहत्तरी उलटलेला ब्रिटिश नट असला तर काय कप्पाळ कळणार? रंगभूमीवर भाला धरून उभं राहण्यापासून सुरुवात, मग टीव्हीवर इन्स्पेक्टर, सिनेमात खलनायक. आयुष्यभर चेहऱ्यावरच तर जगला बाबा! आता नाटक घेऊन दुबईत आला होता.

मी मनगट धरलं आणि गुडघा हळूच वाकवला. हसू तस्संच. नाडी मात्र पळत सुटली.

"साहेब, चेहरा फसवेल. नाडी नाही."

बरोबर प्रोड्यूसर होती, लेबनीज बाई. "यल्ला, चला डॉक्टर, फिट लिहा. शुक्रवारी शो आहे."

"फिट आहेत. फक्त गुडघे टेकायचे नाहीत."

"खलास! शेवटी बाप मुलापुढे गुडघे टेकून माफी मागतो. तेच तर नाटक आहे. मग दुसरा नट उभा करावा लागेल."

साहेबांचं हसू तिथे पहिल्यांदा मावळलं. "तरुणपणी याच नाटकात मी मुलगा होतो," ते म्हणाले. "बापाच्या रोलसाठी जन्मभर थांबलोय. प्लीज."

पण गुडघ्यातली गादी पार झिजलेली. एकदा टेकले असते तर उठायला चौघं लागले असते.

आणि एकदम सुचलं. "टेकण्याआधीच मुलाने धरलं तर?"

"म्हणजे?" प्रोड्यूसरने विचारलं.

"आमच्याकडे मोठं माणूस लहानाच्या पाया पडायला वाकलं, तर कोणी पडू देत नाही. 'अहो, हे काय करताय!' म्हणून वरच्यावर धरतात."

मी करून दाखवलं. साहेब वाकले, मी दोन्ही खांदे धरले. "किती दुखलं?"

"दोन," ते पुटपुटले. नाडीही तेच म्हणत होती. प्रोड्यूसरने तिथूनच डायरेक्टरला फोन लावला.

शुक्रवारी लेकीला घेऊन गेले. बाप वाकला. मुलगा धावला, त्याने खांदे धरले आणि सोडेचना.

"आई, आर यू क्रायिंग?"

"गप गं!"

नंतर आत भेटायला गेले. साहेब मेकअप न उतरवताच बसले होते. "मी मुलगा होतो ना," ते म्हणाले, "तेव्हा रोज बापाला खाली जाऊ द्यायचो. नुसता बघत उभा. धरावं असं कधी मनातच आलं नाही."

सवयीने विचारलं, "दुखतंय किती?"

"शून्य," म्हणाले, आणि मनगट स्वतःच पुढे केलं.

नाडी जोरात होती. पण ती गुडघ्याची नव्हती, एवढं मला कळतं.

तरी नटाच्या शून्यावर विसंबायचं नाही, हा धडा मी विसरले नाही. शनिवारी एमआरआयला धाडलंच.